वाचकांचे प्रश्न : गिटारच्या बाजू वाकवताना

हातानं गिटार घडवणाऱ्यांची बरीच पत्रं एकाच टप्प्यावर अडलेली असतात. दोन मिलिमीटर जाडीची, पाऊण मीटरहून लांब पट्टी तापलेल्या नळीवर धरून तिला कंबर काढायची, तो हा टप्पा. या वेळचे सगळे प्रश्न त्याच कामाचे आहेत.

प्रश्न : महोगनीची बाजू रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली होती. सकाळी नळीवर वाकवायला घेतली, तर कंबरेपाशी आतल्या अंगानं तडकली. जाडी २.६ मिमी होती. अजून जास्त वेळ भिजवायला हवी होती का?

उत्तर : नाही, उलट कमी भिजवायला हवी होती. लाकूड वाकतं ते उष्णतेनं, पाणी फक्त तिच्या मदतीला असतं. लाकडाचे तंतू लिग्निननं एकमेकांना धरून असतात. हे लिग्निन थंड असताना कडक असतं. ओलसर लाकडात ते साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, कोरड्या लाकडात त्यासाठी बरंच जास्त तापमान लागतं. म्हणजे पाण्याकडे कामं तीनच : लिग्निन लवकर मऊ पाडायचं, वाफेबरोबर उष्णता आतवर न्यायची आणि पृष्ठभाग करपू द्यायचा नाही. लाकडाच्या पेशींच्या भिंती कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी घेतात आणि तिथे थांबतात. त्यापुढचं पाणी पेशींच्या पोकळीत नुसतं साचतं. त्यानं लाकूड आणखी मऊ होत नाही. उलट ते उकळून जाईपर्यंत लाकडाचं तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही आणि नळीची सगळी उष्णता वाफ करण्यातच खर्च होते. रात्रभर भिजलेली महोगनी वरून गरम लागते, पण आतून ती वाकायला तयार झालेली नसते.

दुसरं कारण जाडी. पट्टी वाकली की एक अंग ताणलं जातं आणि दुसरं दाबलं जातं. ताण किती पडतो हे काढणं सोपं आहे : जाडीला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीनं भागा. कंबरेची त्रिज्या ७५ मिमी धरली, तर तुमच्या २.६ मिमीच्या पट्टीवर सुमारे १.७ टक्के ताण आला. २ मिमीच्या पट्टीवर तो १.३ टक्के आला असता. फरक किरकोळ वाटतो, पण कोरडं लाकूड एक टक्क्याच्या आसपास ताणलं की तुटायच्या बेतात येतं. नीट तापलेलं ओलसर लाकूडही एक-दोन टक्क्यांपलीकडे फारसं ताणलं जात नाही. तेच तापलेलं लाकूड दाब मात्र याच्या कितीतरी पट सहन करतं. म्हणून वाकवताना जे मोडतं ते जवळजवळ नेहमी ताणाच्या अंगाला मोडतं. या पानावरच्या बाकीच्या उत्तरांचं मूळही इथेच आहे.

गिटारची कंबर आत वळते, म्हणून तिथे ताणलं जाणारं अंग वाद्याच्या आतलं असतं. तुमची चीर आतून आली ती यामुळेच. वरच्या आणि खालच्या फुगवट्याला हे उलट होतं, तिथे बाहेरचं अंग ताणलं जातं.

महोगनीसाठी जाडी २ मिमीवर आणा, दोन्ही अंगांवर पाणी फवारून पाच-दहा मिनिटं मुरू द्या आणि नळी नीट तापवा. जाडी २.५ वरून २ मिमीवर आली की पट्टीचा ताठरपणा जवळजवळ निम्मा होतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. हाताला हा फरक लगेच कळतो.

प्रश्न : नळी पुरेशी तापली हे कसं ओळखायचं? आणि नळीवर काम करायचा क्रम सविस्तर सांगाल का? माझ्याकडे ५० मिमी व्यासाची ॲल्युमिनियमची नळी आणि गॅसची टॉर्च आहे.

उत्तर : नळीवर पाण्याचा थेंब टाका. तो बसून संथ उकळत राहिला तर नळी थंड आहे. चर्र आवाज करून क्षणात उडाला तर काम सुरू करा, तेव्हा पृष्ठभाग साधारण १५० ते १८० अंशांवर असतो. थेंबाची गोळी होऊन ती नळीवरून घरंगळायला लागली तर नळी २०० च्या आसपास गेली आहे, ज्योत कमी करा. एवढ्या तापमानाला फिक्या रंगाचं लाकूड काही सेकंदांत तपकिरी पडतं. टॉर्चची ज्योत नळीच्या आत राहील अशी धरायची सोय पक्की हवी. नळी शिकंज्यात घट्ट आवळलेली हवी. जागा हवेशीर ठेवा आणि लाकडाचा भुसा आसपास राहू देऊ नका.

निम्मं काम नळीपाशी येण्याआधी संपलेलं असतं. पट्टीची जाडी दहा-बारा ठिकाणी कॅलिपरनं मोजा. फरक ०.१ मिमीच्या आत हवा. एखादी जागा पातळ राहिली तर सगळं वळण तिथेच गोळा होतं आणि पट्टी कोनात मोडते. शेवटची घासाई रेषांच्या दिशेनंच करा, कारण ताणाच्या अंगाला आडवा ओरखडा राहिला तर चीर तिथूनच सुटते. पट्टीच्या कडेकडून रेषा पाहा. त्या एका अंगातून शिरून तिरप्या दुसऱ्या अंगाला बाहेर पडत असतील तर ती पट्टी बाजूसाठी वापरू नका. अशा लाकडाची ढलपी उठणारच. लांबीला दोन्ही टोकांकडे ३०-४० मिमी आणि रुंदीला ४-५ मिमी जास्त ठेवा. लांबीतलं जास्तीचं लाकूड हातात धरायलाही उपयोगी पडतं.

अर्ध्या गिटारच्या आकाराचा फर्मा पातळ प्लायवुडमधून कापून जवळ ठेवा. फर्म्याच्या कडेनं लवचीक पट्टी फिरवून शेपटाकडच्या (गळ्याच्या विरुद्ध) टोकापासून कंबरेच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि ते बाजूवर उतरवा. खूण पेन्सिलीनंच करा, मार्करची शाई पाण्याबरोबर लाकडात उतरते. गडद शिसवीवर पांढरी पेन्सिल चालते. बाहेरचं अंग कोणतं, तोंडाच्या (म्हणजे पुढच्या) फळीकडची कड कोणती आणि शेपटाकडचं टोक कोणतं, या तिन्ही खुणा दोन्ही पट्ट्यांवर हव्यात.

सुरुवात कंबरेनं करा. सर्वांत घट्ट वळण तिथे असतं आणि बाकीची सगळी वळणं तिच्यावरून ठरतात. कंबर ५ मिमी सरकली तर दोन्ही फुगवटे साच्यात बसत नाहीत. बाहेरचं अंग नळीवर टेकवा आणि खुणेच्या दोन्ही बाजूंना ४०-५० मिमीच्या टापूत पट्टी मागेपुढे हलवत राहा. हातांचा भार हलकाच ठेवा. पहिला अर्धा मिनिट काहीच घडत नाही, आणि मोडतोड होते ती याच अर्ध्या मिनिटात. लाकूड तयार झालं की हाताखालचा विरोध एकाएकी सैल पडतो. तो क्षण येईपर्यंत जोर लावायचा नाही. तो आला की फर्म्यापेक्षा किंचित जास्त वाकवा, पट्टी नळीवरून उचला आणि दहा-पंधरा सेकंद त्याच आकारात हातात धरून ठेवा. आकार पक्का होतो तो थंड होताना. गरम पट्टी सोडून दिली तर मिळालेलं वळण निम्मं परत जातं.

वाफ निघायची थांबली म्हणजे लाकूड कोरडं पडलं. नळीला टेकलेल्या अंगावर लगेच पाणी मारा. पण ताणाचं अंग विसरू नका. ते नळीपासून लांब, हवेत असतं, लवकर थंड होतं आणि मोडणारही तेच असतं. कंबरेच्या वेळी त्या अंगावर एक ओला फडका टाकून वरून पातळ स्टीलची पट्टी दाबून धरली, तर वाफ तिथेच कोंडून राहते.

कंबर फर्म्याला जुळली की पट्टी उलटी करा, आतलं अंग नळीवर घ्या आणि आधी वरचा, मग खालचा फुगवटा काढा. ही वळणं मोठ्या त्रिज्येची असतात आणि ताण एक टक्क्याच्या आतच राहतो, त्यामुळे मोडायची भीती कमी. इथे चुका होतात त्या वेगळ्या. एकाच जागी थांबून दाब दिला तर गोल वळणाऐवजी पैलू पडतात. ते नंतर घासून काढायचे तर लाकूड जागोजाग पातळ होतं. पट्टी सतत सरकती ठेवा आणि अधूनमधून दिव्याच्या तिरप्या उजेडात पाहा. दुसरी चूक म्हणजे पट्टी नळीवर तिरपी धरणं. तशी धरली की वळणात पीळ येतो. तपासायला बाजू कडेवर सपाट पाटावर उभी करा. कड सगळीकडे टेकायला हवी. टेकत नसेल तर तेवढी जागा पुन्हा तापवून उलटा पीळ द्या, तो निघतो.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. कंबरेला नळी बाहेरच्या अंगाला लागते, म्हणजे तिथला करपल्याचा डाग दर्शनी येतो आणि चीर आत लपते. फुगवट्यांना डाग आत जातो आणि चीर दर्शनी येते. कंबर काढताना नळी थोडी कमी तापलेली ठेवण्याची सवय या कारणानं फार उपयोगी पडते.

प्रश्न : दोन्ही बाजू सुंदर वाकल्या आणि मग कळलं की दोन्ही एकाच हाताच्या आहेत, म्हणजे दोन्ही डाव्याच किंवा दोन्ही उजव्याच!

उत्तर : लाकूड चांगलं असेल तर त्यांतली एक दुसऱ्या गिटारसाठी राखा. तिला उलटी वाकवायला जाऊ नका. ज्या अंगाचे तंतू एकदा दाबले गेले आहेत तेच आता ताणायला लागतात आणि कंबर हमखास मोडते. पुढच्या वेळी पहिली बाजू वाकवून झाली की दुसरी कोरडी पट्टी तिच्याशेजारी उभी करा, पुस्तकाची पानं उघडावीत तशा रेषा समोरासमोर आल्या का ते पाहा आणि मगच तिला पाणी लावा.

प्रश्न : लहरदार मेपल प्रत्येक लहरीवर तुटतं. आणखी पातळ करू का?

उत्तर : थोडं करा, १.८ ते १.९ मिमीपर्यंत. पण खरं कारण समजून घ्या. लहर दिसते कारण तिथे तंतू वरखाली नागमोडी गेलेले असतात. प्रत्येक लहरीत ते पृष्ठभागाला तिरपे येऊन संपतात. ताण पडला की तिथे तंतू तुटत नाहीत, एकमेकांपासून सुटतात. जास्त भिजवलं तर लहरी असमान फुगतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत असतानाही हाताला खडबडीत लागतो. म्हणून मेपलला पाण्याचा हलका फवारा पुरे. उष्णता जोरदार द्या आणि काम लवकर उरका. नळीवर करायचं असेल तर ताणाच्या अंगाला स्टीलची पट्टी लावल्याशिवाय करूच नका. ०.२ ते ०.३ मिमी जाडीची, बाजूएवढ्याच रुंदीची पट्टी घ्या आणि ती दोन्ही टोकांना लाकडाशी घट्ट धरा. स्टील ताणलं जात नाही, त्यामुळे तिच्याखालच्या ताणाच्या अंगाच्या तंतूंना ताणायला वावच उरत नाही आणि वळणाचा भार दाबाच्या अंगावर जातो. ते अंग तो सोसू शकतं.

साधं, सरळ रेषांचं मेपल इतकं त्रास देत नाही. शिसवी आणि अक्रोड तर शिकणाऱ्यासाठी उत्तम : तापले की मनासारखे वळतात. पहिली जोडी लहरदार मेपलची घेऊ नका, असंच आमचं मत आहे.

प्रश्न : सिलिकॉनचं हीटिंग ब्लँकेट (विजेवर तापणारी लवचीक चादर) आणि वाकवायचं यंत्र घेतलं आहे. कोणत्या तापमानाला काय करायचं? ब्लँकेटऐवजी दिवे चालतात का?

उत्तर : हे यंत्र ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते अमेरिकन गिटारकार चार्ल्स फॉक्स. त्यांच्या मूळ रचनेत साच्याच्या पोटात दिवेच होते. दिवे चालतात, पण तारेचे, तापणारे हवेत. एलईडी दिव्यांची उष्णता या कामाला पुरत नाही. दिव्यांची उष्णता खालून हळूहळू येते, ब्लँकेटची थेट लाकडाला लागते, म्हणून ब्लँकेट जास्त सोयीचं.

थर असे लावा : खाली स्टीलची पट्टी, तिच्यावर आधी साध्या तपकिरी कागदात आणि मग ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेली ओलसर बाजू, तिच्यावर ब्लँकेट आणि सगळ्यांत वर पुन्हा स्टीलची पट्टी. तापमापकाची तार लाकूड आणि ब्लँकेट यांच्या मध्ये हवी. ती बाहेर राहिली तर आकडा खोटा येतो आणि लाकूड करपतं. कंबरेची खूण साच्याच्या खुणेवर आहे ना, हे शेवटचं एकदा पाहा. थर जुळवताना ती सरकते.

वाफ दिसू लागली आणि आकडा १०० ते १०५ च्या आसपास आला की कंबरेचा स्क्रू हळूहळू खाली घ्या. शेवटचे १०-१२ मिमी राखून ठेवा. मग स्प्रिंगचे दांडे ओढून आधी एक फुगवटा, मग दुसरा बसवा आणि त्यानंतर कंबर पूर्ण दाबा. हे सगळं दोन-तीन मिनिटांत व्हायला हवं, कारण ओलावा तेवढाच वेळ टिकतो. कंबर सुरुवातीलाच तळाला नेली तर सर्वांत घट्ट वळण लाकूड सर्वांत कमी तापलेलं असताना पडतं. तापमान १५० पर्यंत चढू द्या, तिथे पाच ते दहा मिनिटं ठेवा आणि बंद करा. पूर्ण थंड होईपर्यंत काही सोडू नका. दुसऱ्या दिवशी पाणी न लावता तसंच १२० ते १३० अंशांना दहा मिनिटं तापवून पुन्हा थंड होऊ दिलं की उरलेला ओलावा निघतो आणि आकार बसतो.

वीज, पाणी आणि पातळ स्टील एकत्र येतात, म्हणून यंत्राला अर्थिंग हवंच. ब्लँकेट चालू असताना जागेवरून हलू नका.

प्रश्न : साच्यातून काढलेली बाजू आठवड्यात १५ मिमीनं उघडली. असं का?

उत्तर : ओली असताना काढली. लाकूड साच्यात असतानाच आतपर्यंत सुकायला हवं. थोडं उघडणं नेहमीचंच, हातानं हलकं दाबून साच्यात बसत असेल तर ते चालतं. १५ मिमी हे जास्त झालं. जोर लावून गिटारच्या दोन्ही टोकांच्या आतल्या ठोकळ्यांना चिकटवली तर तो ताण जन्मभर सांध्यांवर राहील. नळी तापवा, हलका फवारा मारून वळण पुन्हा जुळवा आणि या वेळी साच्यात निदान दोन-तीन दिवस ठेवा.

प्रश्न : बाजू लांबीत बरोबर वाकते, पण रुंदीत पन्हळीसारखी होते.

उत्तर : पाणी जास्त झालं आहे, किंवा पट्टी आडव्या कापाची (टोकाकडून पाहता वलयं रुंदीला समांतर दिसणारी) आहे, किंवा दोन्ही. एक अंग नळीवर सुकून आकसतं, दुसरं ओलंच राहतं. उभ्या कापाच्या (वलयं जाडीच्या दिशेनं उभी दिसणाऱ्या) लाकडात हा त्रास बराच कमी होतो. झाली असेल तर पन्हळीचं खोलगट अंग किंचित ओलं करा, बाजू नळीवर ठेवा आणि वरून पूर्ण रुंदीचा लाकडी ठोकळा दाबत फिरवा. साच्यात ठेवतानाही दोन्ही अंगांना रुंदीभर आधार द्या. फक्त कडांना क्लॅम्प लावले तर पन्हळ तशीच सुकते.

प्रश्न : अक्रोडावर निळसर काळे डाग पडले. करपलं का?

उत्तर : करपलेला डाग तपकिरी असतो. हा लोखंडाचा डाग आहे. लाकडातलं टॅनिन, पाणी आणि लोखंड गरम असताना एकत्र आले की असाच रंग येतो. साधी स्टीलची पट्टी, लोखंडी नळी, कधीकधी नळाच्या पाण्यातलं लोहसुद्धा याला पुरतं. स्टेनलेस स्टीलची पट्टी आणि डिस्टिल्ड पाणी वापरा, मध्ये कागद घाला. वरवरचा डाग स्क्रेपरनं निघतो. खोल गेला असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडचं सौम्य द्रावण लावून नंतर स्वच्छ पाण्यानं पुसून काढतात. ते विषारी आहे, हातमोजे घालूनच वापरा आणि सुकल्यावर त्या जागी उडणारी पूड श्वासात जाऊ देऊ नका. शक्य असेल तर स्क्रेपरवरच भागवा.

प्रश्न : गोल कटअवेचं (वरचे सूर गाठता यावेत म्हणून गळ्यापाशी आत घेतलेल्या भागाचं) टोक दर वेळी बाहेरून फाटतं. त्रिज्या २५ मिमी आहे. आणि अशी फाटलेली बाजू टाकूनच द्यायची का?

उत्तर : पहिल्या उत्तरातलं जाडी आणि त्रिज्येचं गणित इथे करून पाहा. १.८ मिमी जाडीला ३.६ टक्के ताण येतो, म्हणजे लाकडाच्या सहनशक्तीच्या बाहेर. स्टीलच्या पट्टीशिवाय हे वळण घ्यायला जाऊच नये. ज्या बाजूला कटअवे आहे ती पट्टी त्या भागात १.६ मिमीपर्यंत आणा, पण जाडी हळूहळू उतरवत न्या, पायरी पडू देऊ नका. नळी बारीक घ्या, ३०-३५ मिमीची. कटअवेचा खोलगट भाग आधी काढा, टोक शेवटी. एका दमात पूर्ण वळण न घेता तापवा, थोडं वाकवा, थंड करा, पुन्हा तापवा. आकार परवडत असेल तर त्रिज्या ३० मिमी करा. तेवढ्यानंही ताण बराच उतरतो.

फाटण्याचं म्हणाल तर ढलपी उठताना दिसली की तिथेच थांबा. लगेच चिकटवू नका. ओल्या लाकडाला सरस नीट धरत नाही, आणि सुपरग्लू लावून पुन्हा तापवलं तर तो मऊ पडतो आणि त्याच्या वाफा डोळ्यांना झोंबतात. स्टीलच्या पट्टीनं ढलपी दाबून धरत वळण पुरं करा, साच्यात सुकू द्या. मग चिरेत पातळ सुपरग्लू किंवा गरम सरस उतरवा, वर चिकटपट्टी आणि त्याच वळणाचा ठोकळा लावून दाबा. रेषांच्या दिशेनं गेलेली ढलपी अशी बसवली की घासल्यावर शोधावी लागते. कंबरेच्या आतली चीर चिकटवून वर पातळ लाकडाची आडव्या रेषांची पट्टी लावा. चीर नसतानाही पुष्कळ कारागीर बाजूंना अशा पट्ट्या लावतात. रेषा आडव्या तोडून पूर्ण जाडीतून आरपार गेलेली चीर मात्र दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. त्या पट्टीतून बायंडिंगच्या (गिटारच्या कडांना लावायच्या) बारीक पट्ट्या काढा आणि त्याच नळीवर पुढच्या बाजूआधी त्या वाकवून हात बसवा.